ठोक्यांचं औषध

खूप खूप मागं, नदीकाठी तांबटांचं एक गाव होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथं तांब्यावर हातोड्या पडत. त्या ठणठणाटात मुलं गाढ झोपत, म्हातारे गप्पा मारत. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

फक्त एका मुलीला वाटे. ती कान दाबून घराच्या मागच्या भिंतीशी बसे. कुणाच्या डोळ्यांत बघत नसे, बोलत नसे. आईबाप नव्हते; होता एक धाकटा भाऊ. त्याला एवढंच हवं होतं, की बहिणीनं एकदा तरी आपल्याला हाक मारावी.

तो झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हातारीकडे गेला. "आजी, माझ्या आक्काला बरं करा."

म्हातारी दोन दिवस मुलीजवळ नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "पोरा, ही आजारी नाही. भांड्याला पोचा आला तर तू ठोकून काढतोस. पण एखाद्या भांड्याचा घाटच निराळा असतो. हिचा तसा आहे. तुला जो नुसता आवाज, तो तिला घाव. हळू बोलत जा. तू जेवायला बसलास की ती तुझ्या ताटाशेजारी येऊन बसते ना? तीच तिची हाक."

"म्हणजे औषध नाही तुमच्याकडं! सरळ सांगा की तसं!" तो तडक उठला.

त्या गावात एक रीत होती. आजाऱ्याला मध्ये बसवायचं आणि भोवती सगळ्यांनी भांडी बडवायची. आवाजाला घाबरून आजार पळतो, असं सारे मानत.

भावानं गाव गोळा केलं. भांडी वाजू लागली. मुलीनं कान झाकले.

"कान झाकल्यावर औषध आत जाईल कसं?" कुणीतरी हसत ओरडलं. "धर रे तिचे हात!"

"आणि तू लेका परात काय कुरवाळतोयस? बडव की!" दुसऱ्यानं आपल्या शेजाऱ्याला डिवचलं.

भावानं बहिणीचे दोन्ही हात कानांवरून ओढून काढले आणि घट्ट धरले. "आक्का, थोडंच राहिलंय," तो म्हणाला. ती थरथरत होती. त्याला वाटलं, आजार निघतोय.

एकाएकी तिनं हिसडा दिला आणि ती पळाली. आवाज नसलेली एकच जागा त्या गावात होती. नदीचा डोह. लोक धावत येईपर्यंत पाणी पुन्हा स्थिर झालं होतं.

भाऊ म्हातारीच्या पायांशी कोसळला. "मी तिला बरं करत होतो, आजी."

"तिला आजारच नव्हता, बाळा. ती थोडी शांतता शोधत गेली. ती शांतता आपण तिला घरातच द्यायची होती."

त्यानंतर त्या गावानं ती रीत सोडली. मग एखादं मूल कान झाकू लागलं, की शेजारच्या हातोड्या आपोआप थांबत. पण त्या थांबल्या, की भावाला फार रडू येई. एवढंच तर करायचं होतं.

बोध असा: वेगळं असणं हा आजार नव्हे, म्हणून माणसाला बरं करायला निघण्याआधी त्याला समजून घ्यावं.