सुभानाची नऊ दिवसांची गाठ

फार वर्षांपूर्वी, तालुक्याला जायला सडकसुद्धा नव्हती तेव्हा, पाथरटेकच्या खाणीखाली सुभाना नावाचा हाडवैद्य राहायचा. खाणीचं गाव ते! रोज कुणाची करंगळी चेचायची, कुणाचा खांदा निखळायचा. सुभानानं नुसता हात फिरवला की मोडलेलं हाड आपण होऊन जागेवर यायचं, असं म्हणतात. मग तो बांबूच्या कामट्या लावून गाठ मारायचा. ती गाठ नवव्या दिवशी त्यानंच सोडायची, असा रिवाज. माणूस गुणी, पण भारी ताठ हो!

एकदा सगुणा पाथरवटीण कड्यावरून पडली. गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायची ती; तिच्या उजव्या हातावर अख्खं घर चालायचं. तोच हात मोडला. सुभानानं हाड बसवलं आणि गाठ करकचून आवळली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा कोंडिबा धावत आला. "वैद्यबुवा, बोटं निळी पडलीत. चिमटा काढला तरी कळत न्हाई तिला. गाठ जरा सैल करा."

सुभाना पारावर चार माणसांत बसला होता. चार माणसांत आपली गाठ चुकली म्हणायचं? "हाड मोडलंय, दुखणारच," तो म्हणाला. "बायकोला सांग, सहन कर. गाठीला हात लावलास तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

बिचारा कोंडिबा परतला. गाठ सोडायची छाती कुणाची होणार?

नवव्या दिवशी सुभानानं गाठ सोडली. बोटं काळी पडून आत वळली होती, उघडता उघडेनात. सगुणा रडली नाही. एवढंच म्हणाली, "हाड मात्र सरळ बसवलंत हो."

सुभानाची मान जी खाली गेली ती पुन्हा वर आली नाही, असं म्हणतात. शरमेनं त्याला अन्न जाईना. पाणवठ्यावर माणूस दिसलं की तो वाट बदलायचा. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली असती तर हात वाचला असता, हे त्याला ठाऊक होतं. तेच त्याला आतून खात होतं.

पुढं एका गड्याचा पाय मोडला. सुभाना दार लावून बसला, काही केल्या उघडेना. शेवटी सगुणा आली आणि बाहेरूनच म्हणाली, "लाज वाटते तर वाटू द्या. पण लाजून घरात बसलात तर माझा हात फुकट गेला. उठा, बांधा. गाठीखाली बोट जातंय का ते मी बघते."

तो उठला. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तो प्रत्येक दुखणाइताच्या घरी जायचा, नख दाबायचा आणि पांढरं झालेलं नख पुन्हा लाल होईपर्यंत श्वास रोखून उभा राहायचा. पुरात नदी त्याला वाट द्यायची, दहा कोसांवर कुणाचं बोट बधिर झालं तर इकडे सुभानाच्या बोटांना मुंग्या यायच्या, असं म्हणतात. सगुणेच्या दारावरून मात्र तो अनवाणी जायचा, तिनं हाक मारली तरी वर बघायचा नाही.

आता तालुक्याला दवाखाना झालाय. तरी पाथरटेकात कुणी प्लास्टर घालून आलं की शेजारीपाजारी आधी त्याचं नख दाबून बघतात. "मुंग्या येतात का? बोटं हलतात का?" जरा शंका आली की हातातलं काम टाकून त्याला उलटपावली दवाखान्यात नेतात. याला सुभानाची लाज राखणं म्हणतात. आणि दुखतंय म्हणणाऱ्याला "सहन कर" असं इथं कुणी म्हणत नाही. चुकून म्हणालंच, तर त्यानं तिथल्या तिथं, चारचौघांसमोर माफी मागायची असते. सुभानाच्या तोंडून सगुणेची माफी मरेपर्यंत फुटली नाही, असं म्हणतात.