तळदेवाची जागा

"आणि बाबा, देवाला कायमचं पाण्यात ठेवणं ही भक्ती झाली का?"

नीळकंठ कापगतेने हे विचारलं तेव्हा आडकूबाबा हिरबांध तलावाच्या पाळीवर बसून दातून चावत होते. पाळीवरच्या झोपडीत ते एकटे राहत. नीळकंठ त्यांचा शिष्य. शिकलेला, हिंडलेला, आणि थोडा जास्तच बोलणारा.

बाबा दातून चावतच राहिले.

"दर्शनाला माणसांनी चिखल तुडवायचा. पावसाळ्यात तर देव दिसतच नाही. आता पाहा कसा बसवलाय!"

पाळीवर नवं देऊळ उभं होतं. संगमरवरी फरशी, पितळी घंटा, आणि आत शेंदूर लावलेला तळदेव. एवढी वर्षं तो उभा दगड तलावाच्या पोटात होता. होळीनंतर पाणी उतरल्यावर नीळकंठनेच गाव जमवून तो वर काढला. आज प्रतिष्ठापना होती आणि ती बाबांच्या हातून व्हावी, असा त्याचा हट्ट होता.

हट्ट वाईट नव्हता. त्याचा या तलावावर खरोखर जीव होता.

"मी तलावाचा सगळा इतिहास भिंतीवर कोरून घेतलाय," तो म्हणाला.

"वाच पाहू."

नीळकंठ तोंडपाठ म्हणू लागला. "तीनशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी ही पाळ बांधली. तलावाच्या पोटात तळदेव उभा केला. उन्हाळ्यात पाणी उतरत उतरत देवाच्या पायाशी आलं, की पाळीतलं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, बंद करायचं. शेताकडे जाणारं पाणी तिथंच थांबायचं. उरलं ते मासोळीचं, पाखरांचं, ढोरांचं. त्याला कुणी हात लावायचा नाही."

"चांगलं लिवलं," बाबा म्हणाले.

नीळकंठ खूश झाला. बाबांचं 'चांगलं' सहसा कुणाच्या वाट्याला येत नसे.

"तलाव किती जुना म्हनलास?"

"तीनशे वर्षं."

"पाळ तीनशे वर्साची. पाणी औंदाचं हाय."

...

खाली तुडूम वाहत होतं. पाणी पाटातून उन्हाळी धानाकडे चाललं होतं. पाण्यात देव उरला नव्हता आणि आठ दिवसांपासून गावच्या बैठकीत एकच वाद होता: बंद कधी करायचं? पाटाच्या टोकाचे शेतकरी म्हणत, आमच्या धानाच्या बांध्या भिजू द्या. मासे धरणारे ढीवर म्हणत, मासोळी मरंल. रोज भांडण होई, रोज बैठक मोडे, आणि तुडूम आपलं वाहतच राही.

बाबा उठले. देवळात गेले. वाकून तळदेवाच्या पायांवर हात ठेवला आणि तो हात नीळकंठपुढे धरला.

"कोरडा हाय," ते म्हणाले.

"अभिषेक व्हायचाय ना अजून, बाबा."

बाबा देवळाबाहेर आले आणि पाळ उतरू लागले. धोतर खोचलं नाही, काठीही घेतली नाही. भेगाळलेला गाळ ओलांडून ते पाण्यात शिरले. पायाने चाचपत चालले. एका जागी थांबले. दगड उपटला तिथं खड्डा राहिला होता.

बाबा त्या खड्ड्यात मांडी घालून बसले. पाणी त्यांच्या कमरेला लागलं.

पाळीवर प्रतिष्ठापनेसाठी वाजणारे ताशे थांबले. नीळकंठ नव्या धोतरानिशी धावत खाली गेला.

"बाबा, हे काय? वर चला! मुहूर्त टळतो."

"टळू दे."

"थंडी भरेल. या वयात किती वेळ बसणार पाण्यात?"

"थो देव किती बसला? तूच लिवलं ना भिंतीवर?"

 नीळकंठ खड्ड्याच्या काठाला घोटाभर पाण्यात उभा राहिला. त्याला लाज वाटत होती आणि रागही येत होता. सगळं गाव बघत होतं.

...

बराच वेळ गेला. बाबांच्या पोटावर ओली रेघ दिसू लागली. पाणी तिथून खाली सरकलं होतं. एक बगळा येऊन बाबांच्या जवळच उभा राहिला आणि मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहू लागला.

पाळीवरून पुंडलिक ओरडला. तुडुमावर बसायचं काम त्याचं होतं.

"नीळकंठभाऊ! टोकाच्या बांध्या राहिल्या! आणखी दोन दिवस सोडू ना?"

रोज हाच प्रश्न येई आणि रोज नीळकंठ म्हणे, बैठकीत ठरवू. आजही ते शब्द ओठांवर आले. पण त्याची नजर बाबांच्या कमरेवर गेली, तिथून खाली पाण्यातल्या मांडीवर. देव इथं असता, तर पाणी आता त्याच्या पायाशीच आलं असतं. टोकाच्या बांध्यांपैकी एक त्याच्या सख्ख्या मामाची होती. मामा पाळीवरच उभा होता, डोक्याला फेटा बांधून, भाच्याचं देऊळ बघायला आलेला.



"बंद कर!" तो ओरडला.

"पण मामाजीची बांधी..."

"बंद कर म्हटलं ना, पुंडलिक! आत्ता!"

मामा एक शब्द न बोलता वळला आणि घराकडे चालू लागला. नीळकंठ त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

तुडुमाचा आवाज थांबला. तलावभर एकदम शांतता झाली.

नीळकंठने डोळे पुसले. वाकून बाबांसमोर हात धरला.

"बंद झालं, बाबा. आता तरी उठा."

बाबांनी त्याचा हात प्रेमाने थोपटला. पण धरला नाही आणि देवाच्या खड्ड्यातून हललेही नाहीत.

"आज तू सांगतलं, बापू," ते म्हणाले. "तू मेल्यावर कोण सांगन?"