निवायला ठेवलेला आवा

एका राज्यात एक राणी होती, आणि त्या राज्याच्या राजधानीत तिच्याखेरीज कुणीच बोलत नव्हतं. प्रधान मातीचा, आचारी मातीचा, वेशीवरचे पहारेकरी मातीचे. जे मातीचे झाले नाहीत, ते पळून गेले.

हे सगळं तिचंच करणं.

राणीचं नाव वज्रमाला. हुशार होती, कामाला वाघीण होती, पण थांबणं म्हणून ठाऊक नाही. समोरच्यानं तोंड उघडावं की हिचा हुकूम सुटलाच. लोक म्हणत, काय झपाटा आहे बाईचा. झपाटा कसला, कुणाचं ऐकून घ्यायचं नाही एवढंच.

गावाबाहेर कपिलाक्ष नावाचा मांत्रिक होता. मातीत मंत्र मळून भांडी घडवी. बारा वर्षं खपून त्यानं एक रांजण घडवला आणि आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, लावला. राणीला तो त्याच दिवशी दरबारात हवा होता. मांत्रिकानं हात जोडून सांगितलं, की जाळ विझला तरी आवा आतून तापलेला असतो, सात दिवस तो आपला आपण निवू द्यावा लागतो, नाहीतर भांडं तडकतं. राणीनं अर्धंच ऐकलं. शिपायांनी आवा फोडला, गार वारा आत शिरला, आणि बारा वर्षांचे दोन तुकडे झाले.

मांत्रिक रडला नाही. म्हणाला, "राणी, यापुढे घाईनं ज्याला हुकूम देशील, तो कच्च्या मातीचा होईल."

शहाण्या बाईनं त्या दिवसापुरतं तरी तोंड मिटलं असतं. हिनं त्याला धरा म्हटलं, आणि धरणारेच मातीचे झाले. मांत्रिक चालता झाला. मग हे मातीचे शिपाई हलवा म्हणून प्रधानाला सांगितलं, प्रधानही मातीचा झाला. असं करत करत तिसऱ्या दिवशी धाकटी बहीण नीलवेणी जवळ येऊन काही सांगू लागली.

राणी म्हणाली, "ते नंतर. आधी माझा घोडा काढायला सांग."

नीलवेणीचा हात उचललेला होता. तो तसाच राहिला.

मग राणी एकटी उरली. स्वतः पाणी ओढायची, स्वतः भाकर थापायची, दोन थापायची आणि एक उरायची. एवढ्या मोठ्या वाड्यात भांडं पडलं तरी "काय झालं" म्हणणारं कुणी नाही. उन्हाळी वारा सुटला, माती सुकू लागली, आणि एके सकाळी नीलवेणीच्या गळ्याला बारीक भेग दिसली. ती भेग रोज बोटभर पुढे सरके. गळ्याला वळसा पुरा झाला की मान खाली पडणार, हे कुणी सांगायला नको होतं.

तेव्हा तटावर एक टिटवी येऊन बसली आणि माणसासारखी बोलली. "मांत्रिकाच्या रांजणासारखाच नवा रांजण भाज. त्यातलं पाणी शिंपडलंस तर माणसं उठतील. कामं तीन. तळ्याच्या बुडाची माती आण, राक्षसाच्या चुलीतला विस्तव आण, आणि रांजण अख्खा बाहेर काढ."

तळ्याच्या बुडाशी नाग होता. राणीनं त्याच्या वेटोळ्याखालची माती उपसून आणली. राक्षस चुलीपाशी घोरत होता. तिनं पदरात निखारे घेतले आणि आली. दोन्ही कामं दिवस मावळायच्या आत. मातीचा रांजण आपसूक उभा राहिला, तिनं आवा रचला, पेटवला, जाळ विझला.

"आता काय करू?" राणीनं विचारलं.

"काही नाही," टिटवी म्हणाली.

"काही नाही म्हणजे काय करायचं?"

"तेच तुला येत नाही."

खरंच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं आवा उघडला, रांजण तडकला. पुन्हा माती, पुन्हा विस्तव. पाचव्या दिवशी उघडला, पुन्हा तडकला. टिटवी म्हणाली, तळ्यात आता एकाच रांजणापुरती माती उरली आहे.

तिसऱ्या खेपेला राणी आव्यासमोर मांडी घालून बसली. मागे बहीण उभी, गळ्याची भेग सरकतेय, आणि हात नुसते मांडीवर. असं बसणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळावं. बसल्या बसल्या तिला एकेक हुकूम आठवू लागला. प्रधान काही म्हणत होता, त्याला तोडलं. आचारी काही म्हणत होता, त्याला तोडलं. घोडा कशाला काढायला सांगितला होता, ते मात्र काही केल्या आठवेना. कुठं जायचं होतं आपल्याला? दोन दिवस ती तेच शोधत राहिली. सापडलं नाही. मग ती रडली, एवढ्या मोठ्यानं की तटावरची टिटवी सरकून बसली.

सातवा दिवस मावळतीला आला. भेगेचा वळसा पुरा व्हायला बोटभरच उरलं होतं.

"सात झाले," टिटवी म्हणाली. "उघड."

राणीनं राखेत हात घातला. खोल, कोपरापर्यंत. मग काढून घेतला.

"अजून ऊब आहे," ती म्हणाली आणि पुन्हा बसली.

सकाळी राख गार लागली. रांजण अख्खा निघाला, टिचकी मारली तर खणखणला, आणि पाण्यानं आपला आपण भरला. राणीनं आधी बहिणीवर शिंपडलं, मग बाकीच्यांवर. भेगा मिटल्या, माणसं शिंकत, माती झाडत उठली. टिटवी उडून गेली आणि शाप गेला. वेस उघडली, पळालेले लोक परतू लागले.

नीलवेणी मात्र नमस्कार करून म्हणाली, "अक्का, मी इथं राहणार नाही. मामांकडे जाते."

सगळा दरबार श्वास रोखून उभा राहिला. वेस बंद करा, हे शब्द राणीच्या ओठांशी आलेले साऱ्यांनी पाहिले. प्रधान तर दोन पावलं मागे सरला. राणीनं ओठ मिटले. पायरीवर बसली.

"का जातेस?" तिनं विचारलं.

नीलवेणी तिच्याकडे वळली. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. "सांगायला वेळ लागेल," ती म्हणाली.

"लागू दे."

राणी सरकली आणि पायरीवर तिच्यापुरती जागा केली.