राणीचे डाळिंब

एका राज्यात हिवाळा पांढऱ्या रेड्यावर बसून येत असे. तिथला राजा धैर्यकेतू आणि राणी कनकलेखा. तुषारजित नावाच्या मायावी पुरुषाने राणीला एकदा मागणी घातली होती. तिने नकार दिला, म्हणून आश्विनात त्याने तिला राजबागेतले डाळिंब करून टाकले. जाताना तो म्हणाला, "मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी मी हिव घेऊन येईन. झाड जगले तर राणी तुझी, मेले तर सरपण तुझे."

राजाने खड्ग उपसले. पण तुषारजित धुके होऊन गेलाही होता.

तेव्हा डाळिंबावर एक भारद्वाज येऊन बसला. म्हणाला, "राजा, तीन कामे आहेत. छाटणी, पांघरूण आणि आडोसा. तिन्ही तुझ्याच हातांनी झाली पाहिजेत. कशी, ते येसू माळणीला विचार."

येसू चाळीस वर्षे त्या बागेत राबत होती. राजाने तिचे नावही कधी ऐकले नव्हते.

"माळीणबाई, मला शिकवाल?"

"शिकवीन, महाराज. आधी मोजड्या काढा. मुळं वरच आहेत."

छाटणीला राजाचा हात धजेना. येसू म्हणाली, "नखानं साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर हात आवरा." ओल्या फांदीला नख लागले, की आतून बांगड्या किणकिणत. वाळकी फांदी मुकी राही. राजाने वाळक्या तेवढ्या कापल्या. त्याला आठ दिवस लागले.

मग पांघरूण. सेवकांनी पाचोळ्याच्या पाट्या आणल्या, त्या पाचोळ्याची जागीच राख झाली. राजाने आंब्याचा, जांभळीचा पाला स्वतः वेचला, शेणखतात कालवला आणि मुळांशी वीतभर जाड अंथरला. झाडाने निःश्वास सोडला.

आडोसा ज्वारीच्या कडब्याचा. राजाच्या तळहातांना फोड आले. तीन बाजू बांधून झाल्या आणि तुषारजित पांढऱ्या रेड्यावर बसून ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधीच आला. सूर्य उगवायचा होता. उत्तरेची बाजू उघडी होती.

राजा स्वतःच त्या फटीत उभा राहिला. त्याच्या मिशीवर बर्फ धरला. एवढ्यात खांद्यावर घोंगडी पडली. येसू शेजारी येऊन उभी राहिली होती.

"बाजूला हो, म्हातारे. वैर राजाशी आहे," तुषारजित गरजला.

"वैर तुमचं असेल. झाड माझ्या बागेतलं आहे."

ती हलली नाही. राजाने तिचा हात घट्ट धरला. दोघे तसेच उभे राहिले, आणि पूर्वेला ऊन फुटले. पांढरा रेडा वितळून वाहून गेला. तुषारजिताचे दव झाले, ते गवताने पिऊन टाकले.

डाळिंबाची साल उकलली. राणी बाहेर आली. तिने आधी येसूचे पाय धरले.

"मावशी, तुमचा शब्द मला रोज ऐकू येत होता. त्या आधारावर तगले."

राजाचे डोळे भरून आले. "येसूबाई, राणी तर दिलीतच, पण हे हातही तुम्हीच दिलेत. चाळीस वर्षे तुम्हाला पाहिले नाही, याची क्षमा करा. काय देऊ?"

येसूने पदराने डोळे टिपले. "काही नको, महाराज. गुलाब तेवढे छाटायचे राहिलेत."

राजा हसला, राणी हसली. दोघे अनवाणी तिच्या मागे गुलाबांच्या ताटव्याकडे गेले. आणि येसू होती तोवर दर कार्तिकात त्या राज्याचा दरबार आठ दिवस बंद राही. राजा-राणी बागेत कामाला असत.