लिहिता हात शाबूत

ट्रकच्या धडकेत रंगनाथ ढोबळ्यांचा डावा हात खांद्यापासून गेला. कारखान्याच्या फाटकावर गाड्यांची नोंद लिहिण्याची त्यांची नोकरी मात्र टिकली. तरीही त्यांनी आयुष्यातून जे हरवलं त्याची भरपाई मागितली, तेव्हा विमा कंपनीचे वकील सुरवसे भर कोर्टात हसले.

"लिहिता हात शाबूत, पगार सुरू. मग ढोबळे, तुमचं गेलं काय?"

साक्षीच्या पिंजऱ्यात ढोबळे खाली मान घालून उभे राहिले. ते पाहून सुरवशांना आणखी चेव आला.

"आणि सगळी चूक ट्रकवाल्याचीच कशी? एका हाताने टाळी वाजत नाही, ढोबळे!"

ढोबळ्यांनी मान वर केली.

"नाही वाजत, साहेब. तेच गेलंय माझं. परवा शाळेत माझ्या लेकीला पहिलं बक्षीस मिळालं. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. तिनं स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी नुसता मांडीवर हात आपटत होतो."



न्यायाधीश लेखनिकाला हळूच म्हणाले, "वकीलसाहेबांनी विचारलं होतं, काय गेलं. उत्तर आलंय. शब्दशः लिहून घ्या."