इनास मास्तरांची चूक

"सतरा चोक किती हे ज्याला धड सांगता येत नव्हतं, त्याच्या खुर्चीत मी बसायचं का, फादर?"

फादर हिलरी बशीतला चहा फुंकत होते.

विचारणारा फादर ऑल्विन हा पाद्री होण्यासाठी सेमिनरीत शिकलेला त्यांचाच विद्यार्थी. रोमहून शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट घेऊन नुकताच वसईला परतला होता. हुशार होता यात वाद नाही, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

दोघे इनास मास्तरांच्या घराच्या ओट्यावर बसले होते. मास्तरांना जाऊन महिना झाला होता. संध्याकाळी चर्चमध्ये त्यांच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना होती आणि प्रवचन ऑल्विनने करायचं होतं. अंगणात माणसं जमू लागली होती.

मास्तरांमागे गावच्या मराठी शाळेला वाली उरला नव्हता. निवृत्त झाल्यावरही ती त्यांनीच ओढत आणलेली. आता बिशपांनी ऑल्विनला ती सांभाळशील का म्हणून विचारलं होतं. आज उत्तर द्यायचं होतं. तो नाही म्हणाला तर शाळेला कुलूप लागणार, कारण दुसरं कुणी यायला तयार नव्हतं.

"म्हणजे मास्तरांना पाढे येत नव्हते?" फादर हिलरींनी सावकाश विचारलं.

"मी स्वतः पकडलंय त्यांना. तिसरीत होतो. फळ्यावर लिहिलं, सतरा चोक बासष्ट. मी हात वर केला. म्हटलं, मास्तर, चुकलं, अडुसष्ट."

"मग?"

"मग काय... खाली उतरले. मला खडू दिला, फळ्यापाशी उभं केलं आणि स्वतः माझ्या बाकावर जाऊन बसले. गुडघे मावत नव्हते त्यांचे. घंटा होईपर्यंत वर्ग मीच घेतला." ऑल्विनच्या चेहऱ्यावर हसू आलं. इतक्या वर्षांनीही ते आपसूक आलं. "त्या दिवशी मला कळलं की मी हुशार आहे."

"असं."

"माणूस भला होता, नाही म्हणत नाही मी. पण काय केलं आयुष्यात? शिक्षणाधिकारी व्हायची संधी आली, ती सोडली. का, तर संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला घरी पोचता येणार नाही. बायको, चार मुलं आणि ही कौलारू शाळा. आज प्रवचनात त्यांच्याबद्दल सांगू तरी काय?"

फादर हिलरींनी बशी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याचा आवाज अजून खणखणीत होता.

"सतरा चोक बासष्ट!"

अंगणातली कुजबुज थांबली.

...

"अडुसष्ट, मास्तर!"

एकाच दमात आलं ते. पांढऱ्या केसांचे, काळ्या केसांचे, पोर कडेवर घेतलेल्या बाया, सगळे एका सुरात ओरडले. आपण काय बोललो हे कळल्यावर काहीजण हसले, काहींनी डोळ्यांना रुमाल लावला.

हरेश्वर चौधरी पुढे आले. बँकेतून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ.

"फादर, पाढ्यांचं सोडा. गोदावरी महाबळेश्वरला उगम पावते असं शिकवलं होतं मास्तरांनी आम्हाला. मीच उठून त्र्यंबकेश्वर सांगितलं. नाहीतर आख्खा वर्ग चुकीचं शिकला असता." बोलताना त्यांनी मान जरा ताठ केली होती.

"तुम्ही कुठे, मी सांगितलं त्र्यंबकेश्वर," मागून मोनिकाबाय म्हणाली. ती पापडी गावच्या बाजारात फुलं विकायची.

"मोनिकाबाय, तू माझ्यानंतर सहा वर्षांनी शाळेत आलीस."

"मग? तोवर सुधारले नव्हते मास्तर."

अंगणात हशा पिकला. मग जो तो सांगायला लागला. कुणी अपूर्णांकात पकडलं होतं, कुणी पानिपतच्या लढाईच्या सालात. प्रत्येकजण खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभा राहिला होता. आपण मास्तरांपेक्षा हुशार निघालो हे प्रत्येकाला त्याच दिवशी कळलं होतं, आणि अजूनही जो तो ते अभिमानाने सांगत होता.

ऑल्विनचं हसू कुठल्याकुठे गेलं.

दारात मास्तरांच्या पत्नी कतरीनबाय येऊन उभ्या होत्या. त्यांच्याशेजारी धाकटी मुलगी जोविटा.

"काकी," ऑल्विनने हळूच विचारलं, "घरीसुद्धा... चुकायचे?"

"नको विचारू, बाबा. उभा जन्म चुकले," कतरीनबाय म्हणाल्या. "सोमवारी रोझरीला गुडघे टेकले की येशूच्या दुःखाची रहस्ये सुरू करायचे. सोमवारी आनंदाची असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चारही पोरं टपून बसलेली असायची, पप्पा कधी चुकतात आणि कोण आधी पकडतो. जो पकडेल त्याने पुढची रोझरी सांगायची. कुणाला रोझरीला बस म्हणून कधी हाक मारावी लागली नाही."

"बहुतेकदा मीच पकडायचे," जोविटा म्हणाली.

"आणि शेवटी दवाखान्यात?" फादर हिलरींनी विचारलं.

कतरीनबाय दाराला टेकल्या. "शेवटच्या दिवशी सोमवारच होता. आम्ही सगळे भोवती. आनंदाची रहस्ये त्यांनी बरोबर सुरू केली, पहिल्यांदाच. तेव्हा आम्हाला रडू आवरेना."

"ते मुद्दाम करायचे?" ऑल्विनने फादर हिलरींकडे वळून विचारलं. "म्हणजे मी पकडलं, ते... माझं काहीच नव्हतं त्यात?"

फादर हिलरी चपला शोधत होते. "मिस्साची वेळ झाली," एवढंच म्हणाले.

...

चर्च भरून गेलं होतं, दारातही माणसं उभी होती. शुभवर्तमान वाचून झालं. ऑल्विन प्रवचनाला उभा राहिला. हातात टाईप केलेले कागद होते. ते त्याने एकदा पाहिले आणि घडी घालून झग्याच्या खिशात टाकले.

त्याने बाकांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरचे फादर हिलरी डोळे मिटून बसलेले.

"इनास मास्तर," ऑल्विन म्हणाला, "इनास मास्तर एक साधे गृहस्थ होते. त्यांनी फारसं काही केलं नाही."

बाकांवर चुळबूळ झाली. कतरीनबायनी मान वर केली. एवढा शिकलेला पाद्री, आणि आमच्या मास्तरांबद्दल हे बोलतो?

ऑल्विन थांबला. बाकांवरून नजर फिरवत तो थांबून राहिला.

...

"चुकलं, फादर!"

मोनिकाबाय उभी राहिली होती. रागाने लालबुंद.

"चुकलं?" ऑल्विनने विचारलं.

"साफ चुकलं."

ऑल्विन पायऱ्या उतरून खाली आला. मोनिकाबायला त्याने हाताने माइककडे वाट करून दिली आणि स्वतः तिच्या बाकावर, तिच्या रिकाम्या जागी जाऊन बसला.

बाई घाबरली. जन्मात कधी माइकसमोर उभी राहिली नव्हती. पण गेली. पदर नीट करून बोलायला लागली. नवरा गेल्यावर मास्तरांनी तिला पोरांचा अभ्यास घ्यायला कसं शिकवलं, तिचा मुलगा आज कुठे आहे, सगळं बोलली. तिच्यानंतर हरेश्वर चौधरी उठले. मग एक नर्स, मग एक रिक्षावाला, मग जोविटा. एकाने सांगितलं की दुसऱ्याला वाटे, मुख्य गोष्ट राहूनच गेली. रडत, हसत, एकमेकांना दुरुस्त करत माणसं बोलत राहिली, आणि इनास मास्तर त्या संध्याकाळी चर्चभर उभे राहिले.

शेवटचं गीत लोकांनी असं गायलं की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती.

मिस्सा संपल्यावर ऑल्विन बाहेर आला. झगा घामाने भिजलेला, डोळे लाल. पण चेहरा तिसरीतल्या पोरासारखा उजळला होता.

फादर हिलरी पायरीवर त्याची वाट पाहत होते.

"फादर... प्रवचन कसं झालं?"

म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"फार छान चुकलास. जा, बिशपांना फोन कर."