फौजदाराचे अकरा टाके

बेचाळीसची धामधूम. भूमिगतांना मलमपट्टी करील तो तुरुंगात, असा सरकारचा हुकूम. आणि शिंगटे डॉक्टरांच्या माजघरात तर तीन जखमी भूमिगत लपलेले!

एका सकाळी तोरसकर फौजदार मराठी समजणाऱ्या गोऱ्या साहेबाला घेऊन दवाखान्यात शिरला. बॉम्बची जखम झेलल्याबद्दल फौजदाराला नुकतंच पदक मिळालं होतं. खरं तर भूमिगतांना पाहून तो पळत असताना पाटलाच्या रेड्यानं त्याला शिंगावर घेतलं होतं, आणि ही गोष्ट टाके घालणाऱ्या डॉक्टरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

"यंदा कोण कोण जखमी आले, साहेबांपुढे सांगा!" फौजदार गरजला.

"रोग्याची गोष्ट डॉक्टरच्या पोटातच बरी."

"ते चालायचं नाही! सगळं ओठांवर आणा!"

"बरं. पहिले जखमी आपणच, फौजदारसाहेब. मांडीला अकरा टाके. जखम कशानं झाली, तेही सांगू?"

फौजदाराला दरदरून घाम फुटला. "साहेब, रोग्यांची गुपितं फोडायला लावणं बरं दिसत नाही. चला आपण!"

दोघं गेले, तशी माजघरात खसखस पिकली. डॉक्टरांनी आत डोकावून दटावलं, "हसू नका रे! टाके उसवले, तर तुम्हाला कुणी पदक देणार नाही!"